वापरणाऱ्याची चूक

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत थोरल्याची ख्याती नकाशे काढण्यासाठी नव्हती. नकाशे काय, तिथे बसलेले सगळेच काढायचे. थोरल्याकडे लोक यायचे ते आपल्या चुका खरवडून घ्यायला. ट्रेसिंग कागदावर शाईची रेघ एकदा वाकडी गेली की आठ दिवसांचं काम बोंबलायचं. मग तो कागद गुंडाळून, चोरासारखं इकडेतिकडे बघत, माणूस थोरल्याच्या टेबलाशी येऊन उभा राहायचा. थोरला दाढीचं ब्लेड अर्धं मोडायचा, श्वास रोखायचा आणि ती रेघ कागदाच्या अंगावरून अशी उतरवायचा की कागदालाही पत्ता लागत नसे. मग नखाने ती जागा घोटायची आणि वर नवी रेघ. तीस वर्षांत तीन साहेबांच्या आणि अकरा ड्राफ्ट्समनांच्या चुका त्याने अशा पोटात घातल्या. बाहेरून रोडरोलर गेला की कचेरीच्या काचा थरथरायच्या, साहेबांच्या बशीत चहा सांडायचा, थोरल्याचा हात मात्र दुसऱ्याच इमारतीत असल्यासारखा शांत.

धाकटा त्याच्याहून अकरा वर्षांनी लहान. शाळेत असताना त्याच्या विज्ञानाच्या वहीत हृदयाची आकृती थोरल्यानेच काढून दिली होती. मास्तरांनी खाली लाल शाईने लिहिलं, ‘हृदय उत्तम. अक्षर मात्र तुझंच दिसतं.’ तेव्हापासून धाकट्याने कागद-पेनाचा नाद सोडला आणि यंत्रांच्या मागे लागला. तो पुढे एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये तंत्रज्ञ झाला. थोरल्याच्या गावापासून बसने दोन तास. साठ कॉम्प्युटर, त्यांच्यावर बसणारी सहाशे मुलं, आणि या सगळ्यांच्या वर एक जाडजूड रजिस्टर. तारीख, तक्रार, उपाय, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात धाकट्याला सगळ्यात जास्त वेळा एकच वाक्य लिहावं लागे: ‘वापरणाऱ्याची चूक.’ कुणी प्लग न लावता ‘चालू होत नाही’ म्हणायचं, कुणी माउस उलटा धरायचं. शेवटी हात दुखायला लागला म्हणून त्याने या वाक्याचा रबरी शिक्का करून घेतला. प्राचार्य हसले. पण शिक्का पाच वर्षांत दोनदा झिजला, यावरून काय ते समजा.

घरच्या तक्रारींसाठी मात्र त्याच्या शर्टाच्या खिशात एक छोटी डायरी असायची. शेजाऱ्यांचा प्रिंटर, मेहुणीचा टीव्ही, आणि थोरल्याचा लॅपटॉप. तिथे शिक्का चालत नसे, हातानेच लिहावं लागे.

थोरल्याच्या घरी लॅपटॉप आला तो निवृत्तीनंतर. जुन्या गावठाणातल्या पाइपलाइनचे ट्रेसिंग कचेरीच्या तळघरात पडून होते, त्यांना ओल आणि कसर दोन्ही लागल्या होत्या. नवे इंजिनियर कुठे पाइप फुटला की थोरल्यालाच फोन करायचे, “काका, शाळेमागचा व्हॉल्व्ह नक्की कुठे आहे हो?” थोरला डोळे मिटून सांगायचा, “विजेच्या खांबापासून सात फूट, फरशीखाली.” तो सांगायचा तिथेच व्हॉल्व्ह निघायचा. एकदा वहिनी म्हणाली, “अहो, तुम्ही गेल्यावर हे लोक कुठे फोन करणार?” वहिनीने ते चेष्टेत म्हटलं होतं. थोरल्याने मात्र दुसऱ्याच दिवशी धाकट्याला बोलावून घेतलं. एकूण सत्तावीस नकाशे. सगळे कॉम्प्युटरवर उतरवायचे, डोक्यात आहे ते सगळं बाहेर काढून ठेवायचं.

धाकट्याने एक जुना लॅपटॉप आणला, त्यावर मोफत मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम टाकली आणि रेघा काढायचं सॉफ्टवेअर शिकवलं. थोरल्याने लॅपटॉप ठेवला तो आपल्या जुन्या तिरप्या ड्रॉइंग टेबलावर. खाली लाकडी पट्टी ठोकली, म्हणजे घसरू नये. माउस मात्र त्या उतारावरून दर मिनिटाला थोरल्याच्या मांडीत येऊन पडायचा.

“दादा, सपाट टेबल घे की एखादं.”

“तीस वर्षं तिरप्यावर काम केलंय. आता सपाट्यावर मान वळत नाही.”

म्हणून टचपॅड. थोरल्याला ते फार आवडलं. मध्ये पेन नाही, पट्टी नाही, सरळ बोटानेच काम. बोट सरकवलं की बाण सरकतो, हलकंच टॅप केलं की रेघ सुरू, पुन्हा टॅप केलं की रेघ संपली. पहिल्या चौदा महिन्यांत त्याने एकोणीस नकाशे पुरे केले. धाकट्याच्या लॅबमधल्या मुलांपैकी एकालाही इतकं सफाईने जमलं नसतं.

मग एका रविवारी सकाळी फोन आला.

“छोट्या, तुझं यंत्र बिघडलंय.”

“माझं नाही दादा, तुझं.”

“वा! चालत होतं तोवर तू आणलेलं, बिघडलं की माझं?”

“काय होतंय?”

“बोट मारतो, पण ऐकत नाही. पाच वेळा मारलं की एकदा ऐकतं. बहिरं झालंय.”

धाकट्याने सांगितलं की बोट दाबायचं नाही, ठेवायचं आणि पटकन उचलायचं. जास्त वेळ टेकलं तर त्याला वाटतं, बाण हलवायचा आहे. “तुझं बोट जड आहे, दादा.” थोरला फोनवर हसला. “तीस वर्षांत माझ्या बोटाला जड म्हणणारा तू पहिला.” धाकट्याने डायरी काढली, तारीख टाकली आणि लिहिलं: दादा. टॅप घेत नाही. हलकं मारायला सांगितलं. वापरणाऱ्याची चूक.

तीन महिन्यांनी तक्रार बदलली. आता बोट मारलं की काढलेली रेघच उचलली जायची आणि बाणाला चिकटून भलतीकडे जाऊन पडायची. धाकट्याला कारण लगेच कळलं. दोन टॅप पाठोपाठ लागले की सिस्टीम समजते, वस्तू उचलून ओढायची आहे. तुझं बोट दोनदा लागतंय, तो म्हणाला. एकदाच मारतोय, थोरला म्हणाला. दोनदा, एकदाच, दोनदा. शेवटी धाकट्याने फोनवरच एक एक पायरी सांगत ती ओढण्याची सोय बंद करून घेतली. दोन दिवस बरे गेले.

मग मधूनच मेनू उघडायला लागला. दोन बोटं एकदम टेकली की उघडतो तो. “मी एकच बोट लावतो रे,” थोरला म्हणाला. त्याच्या आवाजात पहिल्यांदाच जरा अजिजी होती, पण धाकटा त्या वेळी बाजारात रांगेत उभा होता. त्याने दोन बोटांचा टॅपही बंद करायला लावला.

दर दोन-तीन महिन्यांनी तो स्वतः जायचा. बस, मग पायी दहा मिनिटं, मग वहिनीच्या हातचा चहा. पट्टीशी टेकलेला लॅपटॉप आपल्याकडे ओढून तो टॅप करायचा. पहिल्याच फटक्यात लागायचा. पुन्हा करायचा. पुन्हा लागायचा. पन्नास वेळा केलं तर पन्नास वेळा.

“तुला घाबरतं ते,” थोरला म्हणायचा. “शिक्केवाला साहेब आला म्हटल्यावर कोण चुकेल?”

तरी धाकट्याने हार मानली नाही. तो हाडाचा तंत्रज्ञ होता. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला. सेटिंगच्या फाइलमध्ये जाऊन टॅपसाठी जास्त वेळ धरायला लावलं, बाणाचा वेग निम्म्यावर आणला. एकदा तर लॅबमधल्या मेलेल्या लॅपटॉपचं टचपॅड काढून आणलं आणि जुनं उपटून ते बसवलं. दोन तास घाम गाळला. वहिनी दारातून म्हणाली, “भाऊजी, तुम्ही याचं ऑपरेशन करताय, पण रोगी जेवायला कधी येणार? तुमचे दादाही बसलेत मघापासून शर्टाच्या बटणाशी झटापट करत.” सगळे हसले. थोरल्याचं बटण वहिनीने लावलं. नवं टचपॅड चाललं. बुधवारी पुन्हा फोन.

त्या दिवशी धाकटा चिडला. लॅबमध्ये परीक्षा होती, सोळा मशीन बंद होती. “दादा, टचपॅड बदललं, सिस्टीम बदलली, आता फक्त तूच बदलायचा राहिलायस,” तो म्हणाला.  मग थोरला म्हणाला, “बरं, बघतो,” आणि त्याने फोन ठेवला. त्यानंतर सात महिने लॅपटॉपबद्दल एकही तक्रार आली नाही. धाकट्याने डायरीत ‘प्रश्न सुटला’ असं लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

जे साठ कॉम्प्युटर सांभाळणाऱ्याला दिसलं नाही ते केस कापणाऱ्याला दिसलं. थोरला पंचवीस वर्षं एकाच खुर्चीत केस कापून घ्यायचा. तो माणूस एके दिवशी वहिनीला रस्त्यात भेटला आणि म्हणाला, “ताई, साहेबांना एकदा डॉक्टरकडे न्या. ते माझ्या विनोदाला हसत नाहीत आता. पूर्वी हसायला लागले की मला वस्तरा बाजूला धरावा लागायचा. गेलं वर्षभर नुसते बघत बसतात. चेहराच हलत नाही.” वहिनी घरी येऊन थोरल्यासमोर बसली आणि पहिल्यांदाच नीट बघितलं. मग तिने धाकट्याला फोन केला.

डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या. त्यांनी थोरल्याला चालायला लावलं, खुर्चीतून उठायला लावलं, कागदावर नाव लिहायला लावलं. ज्या माणसाच्या अक्षरांवरून कचेरीत नवीन मुलं गिरवायची, त्याचं नाव मुंग्यांच्या रांगेसारखं निघालं. पहिलं अक्षर बरं, मग एकेक बारीक होत गेलेलं.

“आता असं करा, काका. अंगठा आणि पहिलं बोट. एकमेकांवर टपटप मारायचं. मोठं उघडायचं आणि पटपट.”

थोरल्याने उजवा हात वर धरला. एक, दोन, तीन चांगले. चौथ्याला बोट कमी उघडलं. सहाव्याला आणखी कमी. नवव्याला बोट अंगठ्यावर टेकलं ते उचलायलाच वेळ लागला. मग हवेतच थांबलं आणि थांबल्या जागी बारीक थरथरलं.

धाकटा भिंतीशी उभा होता. ठेवायचं आणि पटकन उचलायचं. बोट उशिरा उचललं तर टॅप लागत नाही. थरथरलं तर दोनदा लागतो. दुसरं बोट नकळत खाली आलं तर मेनू उघडतो. त्याला कुणी काही सांगायची गरज उरली नाही. जगात टॅप या विषयावर त्याच्याइतका विचार केलेला माणूस त्या खोलीत दुसरा नव्हता.

“कधीपासून आहे हे?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“हाताचं म्हणाल तर दोन-तीन महिने झाले असतील,” वहिनी म्हणाली.

“वय झालं, दुसरं काय,” थोरला म्हणाला.

“नक्की आठवतं का? औषध ठरवायला उपयोग होतो.”

डायरी धाकट्याच्या खिशात होती. छातीशी, नेहमीच्या जागी. ती बाहेर काढली नसती तर कुणाला काही कळलं नसतं. दोन-तीन महिने म्हणून लिहिलं गेलं असतं आणि धाकट्याला जन्मभर फक्त स्वतःलाच तोंड द्यावं लागलं असतं. 

“दोन वर्षं चार महिने,” तो म्हणाला.

सगळ्यांनी वळून बघितलं. त्याने डायरी काढली आणि पानं उलटत वाचायला लागला. आवाज लॅबमध्ये साहेबांना अहवाल देताना लागायचा तसाच लागला, कारण दुसरा आवाज त्याला सापडत नव्हता. जूनमध्ये टॅप घेत नाही. सप्टेंबरात एका टॅपचे दोन होतात. डिसेंबरात दुसरं बोट टेकतं. मार्चमध्ये तळहात खाली पडतो, बाण उडी मारतो. मे, जुलै, ऑगस्ट. एकूण चौदा नोंदी. डॉक्टरीणबाई भराभरा लिहून घेत होत्या.

“इतकं बारकाईने आमच्याकडे कुणी लिहून आणत नाही,” त्या म्हणाल्या. “कुठल्या डॉक्टरांना दाखवत होता?”

“डॉक्टरांना नाही. ही लॅपटॉपची डायरी आहे.”

“आणि प्रत्येक वेळी तुम्ही काय केलंत?”

“सेटिंग बदललं.”

त्यांनी हात पुढे केला, डायरी घेतली, एक-दोन पानं स्वतः वाचली. “हे शेवटी काय लिहिलंय सगळीकडे? वापरणाऱ्याची चूक म्हणजे?”

 खुर्चीतून थोरला म्हणाला, “म्हणजे मी.”

कंपवात, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. थरथर दिसते म्हणून लोक येतात, पण त्याच्या आधीपासून हालचाल मंदावत असते. बरा होत नाही, औषधाने आटोक्यात राहतो. निघताना वहिनीला पुढे पाठवून धाकटा दारात थांबला आणि जे विचारायचं ते त्याने विचारलं. त्या बाई चांगल्या होत्या, पण खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. “आजार थांबला नसता,” त्या म्हणाल्या. “पण औषध तेव्हा सुरू झालं असतं तर ही दोन वर्षं हात पुष्कळ बरा चालला असता.”

दोन वर्षं. पूर्वीच्या वेगाने उरलेल्या आठ नकाशांना सहा महिनेही लागले नसते. या अठ्ठावीस महिन्यांत थोरल्याने चार काढले होते. चार अजून राहिले होते.

घरी आल्यावर वहिनी आत गेली आणि बराच वेळ नळ चालू ठेवून भांडी घासत राहिली. घासण्यासारखी भांडी नव्हतीच फारशी. दोघे भाऊ तिरप्या टेबलाशी बसले.

“दादा, मी…”

“तू डॉक्टर आहेस का?”

“नाही.”

“मग गप्प बस.”

धाकटा गप्प बसला. लहानपणापासून ते त्याला चांगलं जमायचं. थोरल्याने उजवा हात डाव्या हातात धरला होता, जसं एखादं पोर पळून जाऊ नये म्हणून धरावं.

“मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं,” थोरला म्हणाला. “माझी रेघ मला कळणार नाही होय? शाई असो नाही तर कॉम्प्युटर. ती माझी नव्हती.”

“मग बोलला का नाहीस?”

“तू दर वेळी काहीतरी बदलायचास. मग दोन दिवस मला वाटायचं, यंत्रच असेल. दोन दिवस बरे जायचे रे. मग पुन्हा फोन करायचा.”  चेहरा हलत नव्हता, त्यामुळे तो रडतोय की काय हे फक्त डोळ्यांवरूनच ओळखायचं. “टचपॅड बदललंस ना, तेव्हा तर पाच दिवस गेले.”

“आणि मी तुला फोनवर बोललो ते?”

“ते खरंच बोललास की. दुसरं काही राहिलंच नव्हतं बदलायला.”

औषधाने हात सुधारला. गोळी घेतल्यावर तासाभराने दीड-दोन तास असे मिळायचे की थोरला बटणं लावायचा, दाढी करायचा, केस कापायला गेला तेव्हा एकदा हसलासुद्धा. त्या वेळात त्याने नकाशाला हात घातला. महिनाभर रोज बसला. महिन्याच्या शेवटी त्याने धाकट्याला बोलावलं आणि पडदा त्याच्याकडे वळवला. बाजारपेठेतली मोठी लाइन कागदावर सरळ जायला हवी होती, ती सापासारखी निघाली होती.

“यावर भरवसा ठेवून कुणी खणलं तर दुसऱ्याच्या घरातली फरशी फुटेल,” थोरला म्हणाला. “पुसून टाक.”

“थोडे दिवस जाऊ देत, दादा. डॉक्टर डोस वाढवणार आहेत.”

“डोस वाढेल. तोवर मला सगळं आठवत राहील याची काय खात्री? तू बस इथे. मी सांगतो, तू काढ.”

धाकटा बसला. सरळ रेघ काढण्याचा प्रसंग आयुष्यात त्याने कसोशीने टाळला होता. त्याने बोट ठेवलं, तर बाण चिखलातून चालल्यासारखा सरकला. टॅप केला, तर तो लागायला इतका वेळ लागला की त्याने तोवर बोट हलवलं होतं आणि रेघ भलतीकडे गेली. दुसऱ्यांदाही तेच.

“हे तुझ्यासाठी लावलंय सगळं,” तो म्हणाला. “माझ्या हाताला चालत नाही.”

“मग काढ.”

“राहू दे, मी घेतो सांभाळून.”

“छोट्या, काढ ते. आता मी नाही वापरणार.”

धाकट्याने सेटिंगची फाइल उघडली. टॅपसाठी वाढवलेला वेळ पुन्हा होता तेवढा केला. बाणाचा वेग पूर्ववत. उचलून ओढण्याची सोय चालू. दोन बोटांचा टॅप चालू. तळहात टेकला तर दुर्लक्ष कर, असं त्याने यंत्राला कधीतरी सांगून ठेवलं होतं, तेही काढलं. प्रत्येक ओळ पुसताना थोरला शेजारी बसून विचारत होता, “ही कशाची?” आणि धाकटा सांगत होता. सहा ओळी होत्या. सहावीला थोरल्याने विचारलं नाही. बदल जतन करून धाकट्याने लॅपटॉप बंद करून चालू केला.

“घे,” थोरला म्हणाला. आवाजही आता बारीक झाला होता, वाकून ऐकावं लागायचं. “देवडीच्या कोपऱ्यापासून सुरू कर. पहिला व्हॉल्व्ह. डावीकडे. अजून. खाली जरा. हं, इथे.”

धाकट्याने टॅप केला. बोट टेकलं न टेकलं तोच बिंदू उमटला, स्वच्छ, जिथे हवा होता तिथेच.

“लागला?”

“लागला.”

“एकदाच मारलंस?”

“नाही,” धाकटा म्हणाला. “दोनदा मारावं लागलं.”

थोरल्याने पडद्याकडे बघितलं, मग धाकट्याकडे. “मी इथेच बसलोय,” तो म्हणाला. “बघतोय मी.” मग त्याने डोळे मिटले आणि डोक्यातल्या त्या रस्त्याने तो पुढे निघाला. “चौदा फूट पूर्वेला. तिथे चार इंची फाटा फुटतो. रेघ सरळ ने.”